चेंडूतली स्कॉच

गोल्फच्या मैदानात अठराच होल का असतात? आमच्या खात्याच्या कँटीनमध्ये या प्रश्नाचं एकच उत्तर गेली कित्येक वर्षं दिलं जातं. स्कॉचच्या बाटलीत अठरा पेग मावतात, दर होलला एक पेग, बाटली संपली की खेळ संपला. सांगणारा दर वेळी नवा, गोष्ट तीच, आणि ऐकणारे दर वेळी तितक्याच मोठ्याने हसतात. आमच्यापैकी एकानेही गोल्फची काठी हातात धरलेली नाही. बाटलीबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. मी सरकारी कारकून. आकडे दिसले की भागाकार केल्याशिवाय मला राहवत नाही. ७५० मिलिलिटरचे अठरा भाग केले तर एक पेग साधारण ४२ मिलिलिटरचा पडतो. आपल्याकडच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगने मोजलं तर पंचवीस होल खणावे लागतील! खरा प्रकार फार साधा आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीवर बारा होल होते. त्यातले दहा जाताना आणि येताना असे दोनदा खेळायचे, म्हणजे एकूण बावीस. १७६४ मध्ये तिथल्या खेळाडूंनी ठरवलं की सुरुवातीचे चार होल फार जवळजवळ आहेत, त्यांचे दोन करू. राहिले दहा, त्यातले आठ दोनदा खेळायचे, झाले अठरा. पुढे सेंट अँड्र्यूजचा मान वाढला आणि सगळ्या जगाने तोच आकडा उचलला. त्या काळात व्हिस्की ठरावीक मापाच्या बाटलीतून नव्हे, पिंपातून आणि बुधल्यातून विकली जायची. म्हणजे भागायला बाटलीच नव्हती.

पण गोल्फ आणि व्हिस्की यांचं नातं अगदीच कँटीनछाप नाही. उलट ते आमच्या बिरादरीने, म्हणजे कारकुनांनी, लिहून ठेवलेलं आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्याच्या वहीत १४९४-९५ सालच्या हिशेबात एक नोंद आहे: राजाच्या हुकुमावरून जॉन कॉर नावाच्या साधूला 'ॲक्वा व्हिटे' बनवण्यासाठी आठ बोल माल्ट दिलं. (बोल हे तिथलं धान्याचं माप, आपल्या खंडी-कुडवासारखं. ॲक्वा व्हिटे म्हणजे जीवनजल. दारूला माणूस कुठल्याही भाषेत चांगलंच नाव देतो.) स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. तो राजा चौथा जेम्स. आणि याच चौथ्या जेम्सच्या जमाखर्चात १५०२ साली पर्थ गावच्या धनुष्य बनवणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या घेतल्याचा खर्च टाकलेला आहे. गंमत अशी की त्याच्याच आजोबांच्या राज्यात, १४५७ मध्ये, गोल्फवर बंदी घातली होती. लोक चेंडू टोलवत बसतात आणि धनुर्विद्येचा सराव करत नाहीत, ही तक्रार. आणि नातवाने काठ्या घेतल्या त्या धनुष्य करणाऱ्याकडूनच. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी मान मोडून ही खर्डेघाशी केली नसती तर आज आपल्याला यातलं काहीच कळलं नसतं. आमच्या साहेबांना हे एकदा ऐकवायचं आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. गोल्फच्या चेंडूच्या आकाराच्या बाटलीतली स्कॉच तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. निदान गोव्यात तरी. आपल्याकडे ज्या घरातला माणूस जहाजावर होता त्या घराच्या शोकेसमध्ये काचेच्या बाहुल्या, शिंपल्याचा दिवा, जपानी घड्याळ आणि विचित्र आकाराच्या बाटल्या असायच्याच. माझा मोठा मामा तारवटी होता. आमच्या समाजात तारवटी तसे थोडे, ख्रिस्ती बांधवांत जास्त. पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर गोमंतकीय स्ट्युअर्डांची मोठी परंपरा होती. मामा त्या मानाने साध्या मालवाहू जहाजांवर होता, भांडारात. दोन वर्षांनी एकदा यायचा आणि पेटी उघडली की आधी आम्हा भाच्यांना चॉकलेट, मग मामीला साडीचं कापड, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या. सगळ्या मिळून तेवीस झाल्या. त्यात तीन चेंडूंचा एक डबा. काचेचे, अंगभर खळगे असलेले, आत मधासारखं तांबूस. डब्यावर 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' एवढं वाचता यायचं. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. ते चेंडू खेळायला मिळत नाहीत ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटायची. मामा म्हणायचा, हा साहेबांच्या गोट्यांचा खेळ, फक्त वाकायचं नाही म्हणून काठी घेतात. गोल्फची याहून चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

असल्या बाटल्यांतलं सर्वांत माहितीचं नाव म्हणजे ओल्ड सेंट अँड्र्यूज. गोल्फच्या चेंडूच्या आकाराच्या, ५ सेंटीलिटरच्या, म्हणजे ५० मिलिलिटरच्या त्यांच्या छोट्या बाटल्या जगभरच्या विमानतळांवर आणि संग्राहकांच्या कपाटांत पोचल्या. इथेही मी भागाकार केला आहे. खऱ्या चेंडूचा व्यास नियमाप्रमाणे निदान ४२.६७ मिलिमीटर लागतो. तेवढ्या गोळ्याचं घनफळ जेमतेम ४१ मिलिलिटर भरतं. म्हणजे काचेला जाडी नसती तरी ५० मिलिलिटर त्यात मावले नसते. बाटलीचा चेंडू खऱ्याहून जरा मोठाच करावा लागतो. लहानपणी मामाचा चेंडू मोठा वाटायचा तो नुसता भास नव्हता.

खळग्यांची हकिगत तर बाटलीपेक्षाही चांगली आहे. फार पूर्वी गोल्फचा चेंडू चामड्याचा असे. त्यात टोपीभर पिसं ठासून भरायची आणि शिवायचा. महाग पडे, आणि भिजला की फाटे. १८४८ च्या सुमारास मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, गुळगुळीत चेंडू करायला लागले. थोड्या दिवसांत खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नवा कोरा चेंडू नीट उडत नाही, टोले खाऊन ओरखडलेला जुना चेंडू लांब जातो. मग मुद्दाम ओरखडे काढायला लागले आणि १९०५ साली विल्यम टेलर या इंग्रजाने खळग्यांचं पेटंट घेतलं. खळग्यांमुळे हवा चेंडूला चिकटून मागेपर्यंत वाहते, ओढ कमी होते. बाटलीवरचे खळगे हवेला काही करत नाहीत, पण हातातून सटकू देत नाहीत. पिणाऱ्याच्या दृष्टीने तेही कमी नाही.

बाटलीच्या आकाराचं हे वेड ब्लेंडेड स्कॉचलाच जास्त का लागलं, याचं माझं एक उत्तर आहे. ब्लेंडेड म्हणजे माल्ट आणि ग्रेन अशा दोन प्रकारच्या व्हिस्कींचं मिश्रण. माल्ट ही सत्वाची, सातूला मोड आणून तांब्याच्या भट्टीत थोडी थोडी काढलेली, गावागणिक वेगळी. ग्रेन ही इतर धान्यांची, सतत चालणाऱ्या उंच यंत्रातून काढलेली, हलकी आणि स्वस्त. ते यंत्र ईनिअस कॉफी याने १८३० च्या सुमारास पेटंट केलं. (हा गृहस्थ आधी अबकारी अधिकारी होता. खात्याची माणसं कुठे पोचतात पाहा.) एडिंबरोच्या अँड्र्यू अशर याने १८५३ पासून व्हिस्की एकत्र करून विकायला सुरुवात केली, १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन कर भरण्यापूर्वीच गोदामात मिसळायला मोकळीक दिली, आणि त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना फिलॉक्सेरा नावाच्या किडीने खाल्लं, ब्रँडी मिळेनाशी झाली. साहेबाच्या ग्लासात ब्रँडीच्या जागी स्कॉच आली ती अशी. आजही जगात खपणाऱ्या स्कॉचमध्ये मोठा वाटा ब्लेंडेडचाच आहे.

आता ब्लेंड करणाऱ्याचं कौशल्य कशात? तर या वर्षीची बाटली गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे यात. चव जिथे मुद्दाम स्थिर ठेवायची तिथे नवं काय दाखवणार? बाटली. जॉनी वॉकरची चौकोनी बाटली खोक्यात जास्त मावावी आणि कमी फुटावी म्हणून आली, ती ओळख होऊन बसली. १९३२ मध्ये त्यांनीच 'स्विंग' काढली. तिचा तळ गोलसर, बोट हेलकावली की बाटली डुलते पण पडत नाही. आगबोटीच्या प्रवाशांसाठी. मामाकडे ती होती आणि सगळ्यांत जास्त प्रेम त्याचं तिच्यावर. तो बोटाने तिला हलकेच ढकलायचा आणि म्हणायचा, बघ, बिस्केचा उपसागर. हेग कंपनीची तीन बाजूंनी चिमटीत धरल्यासारखी 'डिंपल', बेल्सची घंटा (१९८१ च्या चार्ल्स-डायनाच्या लग्नाचीही घंटा निघाली होती), पर्थच्या बेनीगल्सचा चिनी मातीचा लॉक नेसचा राक्षस. चिनी मातीच्या या वस्तू नामांकित कुंभारकारखान्यांत बनत. आत काय आहे याची चौकशी घेणारा फारसा करत नसे. गोल्फचा चेंडू हा याच कुळातला. देणाऱ्याला सोपा, नेणाऱ्याला हलका, आणि साहेबाच्या टेबलावर शोभणारा. १९८० च्या दशकात जपानमध्ये गोल्फचं वेड शिगेला पोचलं होतं आणि भेटवस्तू दिल्याशिवाय जपानी माणसाचं पान हलत नाही. अशी गिऱ्हाइकं असताना चेंडूत स्कॉच भरणाऱ्याला वेडा कोण म्हणेल? आपल्याकडेही पणजीच्या दुकानांतून पर्यटकांसाठी फेणी चित्रविचित्र बाटल्यांत मिळते. गावचा माणूस ती विकत घेताना मी पाहिला नाही. त्याची फेणी घरच्या गाराफांवात असते आणि बाटली कुठल्या आकाराची हा प्रश्न त्याला पडत नाही.

गोल्फ म्हटलं की गोव्याच्या माणसाला चेंडू आठवत नाही, जमीन आठवते. तेरेखोलच्या डोंगरावर गोल्फ कोर्स आणण्याच्या प्रस्तावावरून गावकरी आणि कुळं किती वर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिली ते पेडण्यातल्या कुणालाही विचारा. म्हणून मला वाटायचं, हा खेळच जमीन गिळणारा. पण सेंट अँड्र्यूजची हकिगत वाचली आणि थबकलो. तिथली ती समुद्रकाठची जमीन गावाची. १५५२ च्या एका सनदेत गावकऱ्यांना तिथे गोल्फ खेळण्याचा आणि आर्चबिशपला ससे पाळण्याचा हक्क लिहून दिलेला आहे. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या घशात घातली. सशांनी मैदान पोखरलं, गावकरी चिडले, भांडणं कोर्टात गेली आणि ससे मारण्यापर्यंत मजल पोचली. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या तिथल्या जमीनदाराने ती जमीन घेऊन गोल्फ वाचवला, १८९४ मध्ये गावाने ती परत मिळवली. आज एक ट्रस्ट ती सांभाळतो. रविवारी जुन्या मैदानावर सहसा खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन, पोरंबाळं घेऊन तिथे फिरतात. आपली गांवकारी, आपल्या कोमुनिदादच्या जमिनी, यांचं जे झालं ते पाहिलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही. खेळ तोच. तिथे तो गावाच्या मालकीच्या जमिनीवर वाढला, इथे तो कुंपण घेऊन येतो.

असो. मामाकडे परत येतो, कारण हे सगळं मी वाचलं ते मामामुळे.

मामा प्यायचा. चांगलाच प्यायचा. १९९४ मध्ये जहाज कायमचं सोडून घरी आला तेव्हा रोज. त्या दोन वर्षांबद्दल मामी कधी बोलत नाही, आम्हीही विचारत नाही. १९९६ च्या शिगम्यानंतर त्याने दारू सोडली. कुठल्या बाबाकडे गेला नाही, देवाला कौल लावला नाही. लग्नामुंजीत कुणी ग्लास पुढे केला की दोनच शब्द बोलायचा, "म्हाका नाका." त्यात ना कडवटपणा ना उपदेश. नवल म्हणजे शोकेसमधल्या तेवीस बाटल्या त्याने काढल्या नाहीत. मामीने सांगून पाहिलं. तो म्हणाला, असू देत, त्या माझ्या प्रवासाच्या आहेत. मग मामीने एकच केलं. त्यांच्या हॉलमध्येच गणपती बसतो. दर चवथीला माटोळी बांधायच्या आधी ती शोकेसवर धुतलेली चादर टाकायची, दीड दिवस. विसर्जन झालं की चादर काढायचा मामा. स्वतः. घडी घालून मामीच्या हातात द्यायचा. सव्वीस वर्षं त्या बाटल्या त्याच्या आरामखुर्चीसमोर होत्या. २०२२ मध्ये तो गेला.

गेल्या वर्षी घराच्या वाटणीचा विषय निघाला. मामेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनजवळ असतो. महिन्याच्या रजेवर आला होता. दोघी बहिणी इथेच, एक म्हापशाला, एक डिचोलीला. मी कारकून, शिवाय कागदपत्रांची सवय, म्हणून घरातल्या वस्तूंची यादी करायला मला बोलावलं. तिथे मी एक बोलून गेलो की गोव्याच्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे निम्म्या बाटल्या मुळातच मामीच्या. उरलेल्या निम्म्यांत तिन्ही भावंडं सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. साडेअकरा बाटल्या वाट्याला आल्याचं ऐकून मामी त्या दिवसात पहिल्यांदा हसली. दादाचं म्हणणं, इंग्लंडमध्ये अशा बाटल्यांचे लिलाव होतात, चांगले पैसे येतात. मी म्हटलं, परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, आणि आपल्या घरात परवाना फक्त रेडिओचा होता.

दादा एकेक बाटली काढून उजेडात धरत होता. चेंडूंचा डबा उघडला आणि तो गप्प झाला. तीन चेंडूंपैकी एकात निम्म्याहून कमी उरली होती. दुसऱ्यात निम्मी. तिसऱ्यात थोडी जास्त.

"बाबा पीत होते तर," तो म्हणाला. मोठ्याने नाही. पण मामी दारातच उभी होती.

धाकटी बहीण त्याच्यावर धावून गेली. थोरली रडायला लागली. दादाचा दोष मी फार देत नाही. ती दोन वर्षं त्याने दहावी-अकरावीच्या वयात पाहिली होती, बहिणी लहान होत्या. बाप सुधारला यावर त्याचा कधी पुरता विश्वास बसला नसावा आणि आता त्याच्या हातात पुरावा होता. मामी काही बोलली नाही. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मामाच्या.

मला त्या क्षणी जे माहीत होतं ते मी सांगितलं. लाकडी पिंपात व्हिस्की ठेवली की तिचा काही भाग हवेत उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के. त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्याकडे उष्म्याने हा वाटा त्याच्या कितीतरी पट होतो. आपल्या कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ मध्ये थेट लंडनमध्ये बाजारात आली, तिथल्या लोकांनाही हाच आकडा ऐकून आश्चर्य वाटतं. काचेच्या बाटलीत व्हिस्की मुरत नाही, सुधारत नाही, पण झाकणाची आतली चकती वाळली की तिथूनही ती सूक्ष्मपणे उडत राहते. अर्ककण पाण्याहून आधी. मोठ्या बाटलीतून चमचाभर गेली तर दिसत नाही. ५० मिलिलिटरच्या चेंडूतून तीसपस्तीस वर्षं तेवढीच गेली तर अर्धा चेंडू रिकामा होतो. म्हणून तर लिलाववाले बाटलीतली पातळी कुठवर आहे ते लिहितात आणि चिनी मातीच्या बाटल्या वजन करून घेतात. आणि ही शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर. फेणीचं गाराफांव सांभाळलेल्या घरात हे समजावून सांगावं लागू नये. बूच सैल राहिलं तर वर्षाने काय उरतं ते आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

दादाने ऐकून घेतलं. "तू बाबांचा लाडका भाचा," एवढंच म्हणाला.

तेव्हा मामी पुढे आली. सगळ्यांत कमी भरलेला चेंडू तिने उचलला आणि त्याच्या हातात दिला. "फोड," म्हणाली.

चेंडूच्या मानेवर पत्र्याचं छोटं टोपण होतं. अशा टोपणाच्या खालच्या कडेला दातऱ्या कापलेलं एक कडं असतं. पहिल्यांदा फिरवलं की ते तुटतं आणि मग कितीही घट्ट लावलं तरी पुन्हा जुळत नाही. दादाने रुमाल घेऊन जोर लावला. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा 'कट्ट' असा आवाज झाला आणि ते कडं मानेवर सुटं फिरायला लागलं. खोलीत सगळ्यांनी तो आवाज ऐकला. दादाने दुसरा चेंडू घेतला, डोळ्यांजवळ नेऊन त्याचं कडं पाहिलं, नखाने चाचपलं. तिसऱ्याचंही पाहिलं. आणि डबा हळूच खाली ठेवून बाहेर पडवीत जाऊन बसला. बराच वेळ बसला.

मामीने उघडलेला चेंडू नाकाजवळ धरला. मला वाटलं तोंड वाकडं करील. "हाच वास," ती म्हणाली. "उग्रपणा गेला आहे." मग तिने तो मागीलदारी तुळशीपासून बऱ्याच लांब, केळीच्या आळ्यात ओतला आणि काच धुऊन आणली.

यादी संध्याकाळी पुरी झाली. स्विंग दादाला हवी होती, बहिणींनी हरकत घेतली नाही. त्याने ती लंडनला नेली नाही, इथेच राहू दे म्हणाला. डिंपल आणि घंटा म्हापशाला गेल्या. मामीने आपल्या हिश्श्यातून दोन चेंडूंचा डबा आधी मागून घेतला, बाकीच्या बाटल्यांत तिला रस नव्हता. मी वस्तू, नग आणि स्थिती असे तीन रकाने आखले होते. चेंडूंपुढे नग २ लिहिलं आणि स्थितीच्या रकान्यात 'अर्धे' लिहायला घेतलं. मामी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"अर्धे नको लिहू," ती म्हणाली. "सीलबंद लिही."

मी तसं लिहिलं.